संत्र्याचं कोडं सुटलं, दिवाळीचं तेल बदलतंय

तिळाच्या तेलात लव्हेंडर आणि संत्र्याचं सुगंधी तेल मिसळून मी अंगाला लावायचा रोल-ऑन केला होता; त्याच्या चाचणीत कोपराच्या खोबणीत उठलेल्या लाल चट्ट्याचं मूळ अखेर सापडलं. लव्हेंडर निर्दोष, तिळाचं तेलही निर्दोष. चट्टा संत्र्याच्या तेलाचा आहे, आणि माझ्या मते दोष संत्र्याचा कमी, शिळेपणाचा जास्त.

२ टक्के सुगंधी तेलाच्या त्या रोल-ऑनची पॅच टेस्ट (त्वचेला सोसतं का, हे आधी थोड्या जागेवर लावून बघणं) किती छळतेय, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. पद्धत नेहमीचीच: हाताच्या आतल्या बाजूला वापरायच्याच प्रमाणातलं मिश्रण, वर गॉज, वर चिकटपट्टी, ४८ तास. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात, लोकलच्या गर्दीतून जाऊन-येऊन, पट्टीखाली नुसता घाम साचतो. पट्टी काढली की लाल चौकोन ठरलेला. म्हणून यावेळी शेजारी तेलाविना कोरी पट्टीही लावली. तिच्याखालीही चौकोन उमटला!

मग भिंग घेऊन बसले. पट्टीची लाली कडेकडेने, सरळ रेषेत असते आणि पट्टी निघाली की ओसरायला लागते. तेलाची लाली मधोमध, गॉजखाली, बारीक पुरळ आणि खाज घेऊन येते, आणि पट्टी काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट वाढते. ॲलर्जीची प्रतिक्रिया उशिरानेच रंगते, त्यामुळे ४८ तासांनी हात धुऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. पुढचे दोन दिवसही नजर ठेवा.

एवढं कळल्यावर पट्टीच सोडून दिली आणि त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ती उघडी चाचणी घेतली. एका वेळी एकच तेल, पातळ केलेलं, कोपराच्या खोबणीत त्याच जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर. लाली दिसली की तिथेच थांबायचं. घामाचा, चिकटपट्टीचा प्रश्नच मिटला. लव्हेंडर स्वच्छ पार पडलं. संत्र्याने आठवडा पुरा होऊच दिला नाही. (जागा धुताना आधी साधं तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने ही तेलं निघत नाहीत.)

शिळेपणावर माझा वहीम का? संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन हे द्रव्य असतं. ताजं लिमोनिन तसं सौम्य, पण हवा लागून त्याचे हायड्रोपेरॉक्साइड झाले की ते त्वचेला भिडतात. बाटली अर्धी रिकामी, म्हणजे आत हवाच हवा. बुचाच्या आट्यांवर चिकट थर. वास घ्यायच्या कागदी पट्टीवर थेंब टाकला तर संत्र्याची गोडी उडालेली आणि मागे रंगकामाच्या टर्पेंटाइनचा दर्प. लव्हेंडरमधलं लिनालूल हे द्रव्य आणि टी ट्रीचं तेल यांचीही हीच गत होते, तेव्हा आपापल्या जुन्या बाटल्या हुंगून बघा.

ताजं संत्रं लावून खात्री करणार का? नाही. ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत, आणि दर नव्या स्पर्शाने ती चाळवते. बाटली घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडेच जाणार आहे.

खरेदीबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला मोठ्या कॅनमधून डोळ्यांदेखत भरून देतात, भावही चांगला. पण कॅन कधी उघडला हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. यापुढे बॅच नंबर, तारीख आणि जीसी-एमएस रिपोर्ट (तेलात कुठले घटक किती, हे सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल) असेल तरच घेणार, तेही १० मिलीची बाटली. गडद काच, गळ्यापर्यंत भरलेली, मुक्काम फ्रिजमध्ये.

एक मोठा आनंद सांगायचा राहिला: ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा आला! थेंब मोजणं बंद. लवंगेचं तेल पाण्यात बुडतं, संत्र्याचं तरंगतं, शिवाय प्रत्येक ड्रॉपरचं तोंड वेगळं. मग ‘वीस थेंब’ या मापाला अर्थ काय उरतो? फक्त वजन करताना पंखा बंद ठेवा, वाऱ्याने शेवटचा आकडा थरथरत राहतो.

आता दिवाळी. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगासाठी २०० ग्रॅम तीळतेलात १ टक्का संत्रं ठरलं होतं, ते बाद. हे लिहिता लिहिता वाटलं, लिंबू घालावं का? पण थंड दाबून काढलेलं कागदी लिंबाचं तेल अंगावर राहिलं तर ०.७ टक्क्यांच्या पुढे उन्हात त्वचा भाजते. ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेने काढलेलं, घेतलं तर ती भीती नाही, पण लिमोनिन तिथेही आहेच, म्हणजे माझ्या हाताला ते नकोच. गवती चहा? त्याचीही मर्यादा ०.७ टक्केच, त्यातल्या सिट्राल या द्रव्यामुळे.

मग वाळा! जड तेल, लवकर बिघडत नाही, मुरल्यावर उलट खुलतं, आणि अभ्यंगाला त्याच्याइतका शोभणारा वास दुसरा नाही. महाग आहे, पण ०.५ टक्क्याने २०० ग्रॅमला १ ग्रॅमच लागेल. उघडी चाचणी उद्यापासून, दुसऱ्या हातावर. तान्ह्या भाच्यासाठी मात्र वेगळी बाटली, नुसतं तीळतेल; निलगिरी-पेपरमिंट तर त्याच्या नाकातोंडाजवळही नाही.

वाळ्याचं तेल थंड तिळात नीट मिसळत नाही असं ऐकलंय. कुणी कोमट करून घातलं असेल तर किती कोमट, तेवढं सांगा.