रॉ फूटेज टाइमलाइनवर येण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गोव्यातल्या जत्रा आणि काले मी चित्रित करतो, आणि ते पाहिलेले बरेच जण विचारतात, की डीएसएलआरवर घेतलेला रॉ व्हिडिओ एडिटिंगला बसण्याआधी तुम्ही त्याचं नेमकं काय करता? विचारणाऱ्याने बहुधा नुकताच एखादा वापरलेला कॅनन ५डी मार्क थ्री घेतलेला असतो आणि त्याला रंगांचं तयार सेटिंग हवं असतं. माझ्याकडे तसं सेटिंग नाही. एडिटिंगच्या आधी मी चित्र सुंदर करतच नाही. कॅमेऱ्याने जेवढा प्रकाश पकडला तेवढा पुढच्या टप्प्यापर्यंत शाबूत पोचवायचा, एवढंच त्या वेळचं काम.

त्यासाठी रॉमध्ये काय असतं ते आधी कळायला हवं. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर असतो. चार ठिपक्यांत हिरवे दोन, लाल आणि निळा एकेक. या नोंदी कच्च्या स्वरूपात जपल्या की तो रॉ. त्यांतून रंगीत चित्र बनवण्याचं काम, ज्याला डीबेयरिंग म्हणतात, अजून व्हायचं असतं. नेहमीच्या एच.२६४ या आकुंचित स्वरूपातल्या रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा हे सगळं स्वतः उरकतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, ठरवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, आणि प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या ठेवून बाकीचं टाकून देतो. १४ बिटच्या रॉमध्ये याच पायऱ्या १६,३८४ असतात.

कॅननने ५डी मार्क थ्रीमध्ये रॉ व्हिडिओची सोय दिलेली नाही. २००९ मध्ये ५डी मार्क टूसाठी सुरू झालेलं मॅजिक लँटर्न हे मोफत सॉफ्टवेअर कार्डवरून चालतं, आणि त्याच्या मंडळींनी २०१३ मध्ये मार्क थ्रीवर सलग रॉ व्हिडिओ चालवून दाखवला. कॅननचा त्याला पाठिंबा नाही, हे समजूनच ते वापरावं. फाइलींचं वजनही समजून घ्या. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम साधारण ३.६ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ९० एमबी, मिनिटाला साडेपाच जीबीच्या आसपास. ६४ जीबीचं कार्ड बारा मिनिटांच्या आतच भरतं, आणि तेही वेगवान सीएफ, म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश, कार्ड हवं. याच कॅमेऱ्याचा एसडी स्लॉट या वेगाला पुरा पडत नाही.

म्हणून सगळं रॉमध्ये घेऊ नका. कीर्तन, नाटक, आजींची मुलाखत यांना एच.२६४ पुरेसं आहे; तिथे सलग चालणारा कॅमेरा जास्त मोलाचा. रॉ ठेवायचा तो प्रकाश अवघड असेल तिथे. माशेलच्या चिखलकाल्याचंच बघा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात तेल लावलेली अंगं तांबड्या चिखलात लोळत असतात, वर ढगाळ पांढरं आभाळ, आणि देवळाच्या आत पार काळोख. एच.२६४ मध्ये आभाळ जपावं तर चिखलातले चेहरे एकसारखे तपकिरी होऊन जातात. रॉमध्ये दोन्ही बऱ्यापैकी हाताशी राहतात. डोळा, तेलाची चमक, चिखलाचा ओला आणि सुकलेला भाग वेगळे ओळखू येतात. मला त्या चित्रात नेमकं हेच हवं असतं.

आता मुख्य काम. कार्डवर एमएलव्ही, म्हणजे मॅजिक लँटर्नच्या रॉ व्हिडिओच्या, फाइली असतात. फाइल ४ जीबीच्या पुढे गेली की तिचे तुकडे होतात आणि त्यांना .एम००, .एम०१ अशी शेपटं लागतात. हे तुकडे एकाच फोल्डरमध्ये, नाव न बदलता राहायला हवेत. नाव बदलून नीटनेटकं करण्याचा मोह इथे आवरा. मी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करतो, चेकसम, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे दाखवणारा आकडा, जुळवतो, आणि मगच कार्ड फॉरमॅट करतो. जत्रा पुढच्या वर्षी पुन्हा येते, पण त्या वर्षीची माणसं तशीच सापडत नाहीत.

पुढे एमएलव्ही अॅप, या फाइली उघडून दुसऱ्या स्वरूपात काढणारं सॉफ्टवेअर. हेही मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. इथे मी फार थोड्या गोष्टींना हात लावतो. बिघडलेले पिक्सेल आणि उभ्या पट्ट्या असल्यास त्या दुरुस्त करतो. काळ्या आणि पांढऱ्या पातळ्या बरोबर आहेत ना ते बघतो, कारण पांढरी पातळी चुकली की जळालेलं आभाळ गुलाबी दिसायला लागतं. हिरवा चॅनेल आधी भरून अडतो, आणि व्हाइट बॅलन्ससाठी लाल नि निळा वाढवले की ते त्याच्या पुढे निघून जातात. गुलाबी रंग येतो तो असा. हायलाइटची, म्हणजे अशा अतिउजळ भागांची, दुरुस्ती तिथेच चालू करता येते. मग एकाच प्रसंगातल्या सगळ्या क्लिपना एकच व्हाइट बॅलन्स आणि एकच एक्स्पोजर. क्लिपागणिक वेगळं काही करत नाही. शार्पनिंग शून्य, कॉन्ट्रास्ट नाही, नॉइज काढणं नाही. ही तिन्ही कामं नंतर होतात, आणि एकदा चित्रात मुरली की परत काढता येत नाहीत.

व्हाइट बॅलन्सबद्दल माझं मत ठाम आहे. दिवजांच्या जत्रेत सुवासिनी हातात पेटती दिवजं, म्हणजे तेलाचे दिवे, घेऊन देवळाभोवती फेऱ्या घालतात. त्या ज्योतींचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपासचा, दुपारचं ऊन ५५०० च्या. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा. सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या भिंतीवर ड्रॉपर टेकवला की ते प्रामाणिकपणे सगळं पांढरं करून देतं. तसं करू नका. तेलाच्या दिव्यात निळा प्रकाश जवळपास नसतोच. तो ओढून कित्येक पट वाढवला की सावल्यांत निळे दाणे उसळतात. आणि ते नसते उसळले तरी मी ते केलं नसतं. त्या रात्री देवळाच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाला साडीचा काठ पिवळ्या उजेडात दिसला होता. मी ३००० केल्विनच्या जवळपास थांबतो. चेहरे ओळखीचे राहतात आणि रात्र रात्रच राहते.

यानंतर कुठल्या स्वरूपात बाहेर काढायचं, हा तुमचा नेहमीचा उपप्रश्न. सिनेमाडीएनजी या स्वरूपात काढलं तर रॉ रॉच राहतो आणि दाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही उघडतो. पण प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल होते. तासाभराच्या फूटेजच्या ९०,००० फाइली! कॉपी करताना आणि बॅकअप घेताना त्या जीव काढतात. म्हणून सिनेमाडीएनजी मी मोजक्या, सगळ्यांत अवघड शॉटपुरतं ठेवतो. बाकी सगळं प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या स्वरूपात: ४४४४, आणि जागा कमी असेल तर त्याचंच हलकं ४२२ एचक्यू. २५ फ्रेमच्या एचडीला एचक्यू सेकंदाला सुमारे २३ एमबी घेतं, म्हणजे रॉच्या चौथ्या हिश्श्याइतकं.

मात्र प्रोरेस काढताना लॉगमध्येच, म्हणजे काळोखालाही पुरेशा पायऱ्या देणाऱ्या वक्रात, काढा. रॉ रेषीय असतो, म्हणजे प्रकाश दुप्पट तर आकडाही दुप्पट. प्रकाशाची अशी एक दुप्पट म्हणजे एक स्टॉप. १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये खर्ची पडतात, त्याखालच्या स्टॉपला त्याच्या निम्म्या, आणि असं खाली उतरत काळोखाच्या वाट्याला थोड्याच उरतात. एचक्यूच्या १० बिटमध्ये जेमतेम १,०२४ पायऱ्या. लॉग वक्र त्या सगळ्या स्टॉपमध्ये बऱ्यापैकी सारख्या वाटून देतो, त्यामुळे सावल्यांत पट्टे पडत नाहीत. चित्र फिकं, धुरकट दिसतं, आणि नवखा माणूस घाबरून तिथेच रेक.७०९, म्हणजे एचडी टीव्हीचे नेहमीचे रंग आणि कॉन्ट्रास्ट, लावून मोकळा होतो. मग एवढी कार्डं भरून रॉ घेतला कशाला? फिकं दिसू द्या. एडिटिंग करताना त्रास होत असेल तर टाइमलाइनवर तात्पुरतं लट (एलयूटी), म्हणजे रंग बदलून दाखवणारा तक्ता, लावा. मूळ क्लिपला ते शिवत नाही.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं वाजत असताना कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नये. वेगळा रेकॉर्डर लावावा. मॅजिक लँटर्नचं आवाजाचं मॉड्यूल चालू ठेवलं तर कॅमेऱ्याकडचा कच्चा आवाज क्लिपसोबत येतो आणि रिझॉल्व्ह लहरींवरून दोन्ही जुळवून देतं. ते शक्य नसेल तर शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी.

लॅपटॉप जुना असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फूटेजच्या हलक्या प्रती, बनवा आणि पूर्ण एडिट प्रॉक्सीवरच करा. मी रंगाला हात लावतो तो एडिट पक्कं झाल्यावर. घेतलेल्या फूटेजपैकी फारच थोडं शेवटपर्यंत टिकतं, आणि जे गळणार त्यावर रात्री घालवण्यात अर्थ नाही. शिवाय कापाकापी करताना चित्र साधं दिसलं तर निवड माणसांवरून होते. रंगवलेला शॉट पोकळ असला तरी सोडवत नाही.

मूळ एमएलव्ही ठेवायच्या का, हेही विचारता. विधींचं फूटेज मी ठेवतोच. एमएलव्ही अॅपमधून नको त्या फ्रेम कापून आणि दर्जा न घटवता आकुंचित करून त्या पुन्हा एमएलव्ही म्हणूनच साठवता येतात. डीबेयरिंगच्या पद्धती सुधारत जातात, आणि तीच फाइल पुढे कुणीही नव्याने उघडू शकतं. डिस्क सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, तिथे यंत्रांचं काय सांगावं. आणि दुसरी प्रत दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी असू द्या.