‘डू’ : कधी अर्थाचे, कधी नुसत्या आधाराचे क्रियापद

इंग्रजीतील ‘डू’ म्हणजे काय, असे विचारले तर ‘करणे’ हे उत्तर चटकन मिळते आणि ते चुकीचेही नाही. मात्र ‘हाउ डू यू डू’ या जुन्या औपचारिक अभिवादनात हे क्रियापद दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी ‘करणे’ हा अर्थ लागू पडत नाही. शेवटच्या ‘डू’चा अर्थ कसे चालले आहे, प्रकृती कशी आहे, अशा अंगाने जातो, पहिल्या ‘डू’ला तर स्वतःचा अर्थच नाही, केवळ प्रश्नाची रचना उभी राहावी म्हणून ते तेथे आले आहे. या अर्थहीन ‘डू’कडे शिकवताना पुरेसे लक्ष दिले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते, कारण आपण अडखळतो ते बहुधा येथेच.

‘ही डिड नॉट वेंट’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्यामागे निष्काळजीपणा नसतो, तर मराठीचे व्याकरण असते. ‘तो गेला नाही’ असे म्हणताना भूतकाळ ‘गेला’ या मूळ क्रियापदातच राहतो. शिवाय मराठीतील ‘नाही’ हा शब्द स्वतः बदलू शकतो : तू जात नाहीस, ते जात नाहीत. इंग्रजीतील ‘नॉट’ला असे कोणतेही रूप घेता येत नाही. म्हणून काळाची आणि पुरुषाची खूण ‘डू’ आपल्या अंगावर घेते, त्याचे ‘डिड’ किंवा ‘डझ’ होते, आणि ती खूण वाक्यात एकदाच यायची असल्यामुळे मूळ क्रियापद ‘गो’ असेच कोरे राहते. ‘शी डझ नॉट गोज’ चुकते, तेही याच कारणाने.

इंग्रजीत हे पूर्वीपासून असेच होते, असे नाही. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘जज नॉट’ अशी आज्ञा आहे. आज तेथे ‘डोन्ट जज’ म्हटले जाईल. शेक्सपिअरच्या काळी ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ या दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढे दुसरीने पहिलीला जवळजवळ हद्दपार केले. हे का घडले, यावर भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही. वेल्श आणि कॉर्निश या शेजारच्या केल्टिक भाषांतील तशाच रचनेचा हा प्रभाव असावा, असे काहींचे मत आहे.

‘बी’ची रूपे आणि ‘कॅन’, ‘विल’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे स्वतःच कर्त्याच्या आधी जाऊ शकतात, त्यामुळे ‘आर यू रेडी’ किंवा ‘कॅन यू स्विम’ या प्रश्नांना ‘डू’ लागत नाही. आज्ञार्थात मात्र ‘डोन्ट बी लेट’ असे म्हणावे लागते, हा अपवाद लक्षात ठेवलेला बरा. ‘हू’चा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘हू कॉल्ड यू’ म्हणजे तुला कोणी फोन केला. येथे ‘हू’ हाच कर्ता असून तो आधीच पहिल्या जागी बसलेला आहे, त्यामुळे काही हलवण्याची गरज पडत नाही. ‘हू डिड यू कॉल’ म्हणजे तू कोणाला फोन केलास. येथे कर्ता ‘यू’ आहे आणि त्याच्या आधी जाण्यासाठी ‘डिड’ हवे. एवढ्याशा शब्दावरून फोन करणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते.

अर्थाच्या ‘डू’विषयी थोडक्यात सांगायचे, तर आपले ‘करणे’ हे ‘डू’ आणि ‘मेक’ या दोहोंत वाटले गेले आहे. गृहपाठ ‘डू’ करायचा, चूक आणि फोन मात्र ‘मेक’. याला पक्का नियम नाही, जोड्या कानावर पडूनच बसतात.

मला सर्वांत आवडतो तो ठासून सांगण्याचा ‘डू’. ‘आय लॉक्ड द डोअर’ ही साधी माहिती झाली. कोणी शंका घेतली की ‘आय डिड लॉक द डोअर’ असे ‘डिड’वर जोर देऊन म्हणायचे. तेच मराठीत ‘मी कुलूप लावलं होतं की!’ असे होते. जे काम आपण वाक्याच्या शेवटी एका ‘की’वर सोपवतो, ते इंग्रजी माणूस क्रियापदाच्या आधी ‘डिड’ आणून करतो, आणि तेथेही मूळ क्रियापद ‘लॉक’ असेच कोरे राहते.