मुहूर्त आणि भरती: आमची वाटचाल

आमचं मूळ काम मंडप, खुर्च्या आणि जेवणावळीची भांडी भाड्याने देण्याचं. दापोली-गुहागरच्या पट्ट्यात पूर्वी लग्न घरच्या खळ्यातच, म्हणजे अंगणातच, लागायचं. जमीन चोपून सारवायची, माटव (मांडव) घालायचा, शेजारच्या पडवीत पंगत बसवायची. पुढे मंगल कार्यालयं झाली आणि खळ्यातली कामं आटली. आता मागणी वेगळ्या वाटेने परत आली आहे. मुंबई-पुण्याकडची, कधी परदेशात नोकरी करणारी मुलं-मुली आजोळच्या गावी येऊन समुद्रावर, आंब्याच्या बागेत, जुन्या वाड्यात लग्न लावायचं म्हणतात, आणि आमच्या कामाचा मोठा भाग आता हाच आहे. या कामाने आम्हाला एक शिस्त लावली: जागा पायाखालून घातल्याशिवाय तारीख घ्यायची नाही. उघड्या जागेत भरती, वारा आणि उन्हाचं वेळापत्रक आधीच लागलेलं असतं. मुहूर्त त्यात बसवावा लागतो.

किनाऱ्यावरचं लग्न तिथीपासून सुरू होतं. कोळीवाड्यात भरतीचा हिशेब तोंडावर असतो: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. मुंबईजवळ हा हिशेब बराचसा जुळतो. दक्षिणेला जावं तशी भरती थोडी आधी लागते, म्हणून नेमकी वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घेतो. पहिल्या फोनवर उत्तर द्यायला मात्र पाऊणकी पुरते. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे ‘गेल्या रविवारी आलो तेव्हा पुळण (वाळूचा किनारा) मोकळी होती’ यावर काहीच ठरवता येत नाही.

बहुतेकांना गोरज मुहूर्त हवा असतो, मागे मावळता सूर्य. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सहाला ओहोटी असते, पुळण लांबच लांब उघडी पडते आणि फोटो फार सुंदर येतात. पण त्याच रात्री बाराच्या सुमारास उधाणाची भरती वरच्या रेघेपर्यंत चढते. म्हणजे जेवणं आणि आवराआवर मिळून जेमतेम चार तास हातात राहतात. अष्टमीच्या सुमारास उलट असतं. संध्याकाळी पाणी भरलेलं दिसतं, पण भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असल्याने ते फार वर येत नाही आणि रात्र निवांत जाते. म्हणून आम्ही यजमानांना सप्तमी ते दशमीमधला मुहूर्त पाहायला सांगतो. भटजींशी बोलताना पंचांग दोघांच्याही हातात असतं, त्यामुळे यावर वाद झालेला आठवत नाही.

जागा आखायला आम्ही पंधरा दिवस आधी, त्याच तिथीला जातो. पाणी माघारी गेलं की काटक्या, शेवाळ आणि शिंपल्यांची ओळ मागे राहते. अशा दोन-तीन रेघा दिसतात. सगळ्यात वरची रेघ धरायची, तिथून जमिनीकडे किमान 15 मीटर सोडायचे आणि मग पहिला खांब.

वाळूत खुंटी धरत नाही. ठोकताना घट्ट वाटते, पण दोरीला वाऱ्याचा हिसका बसला की सुळकन वर येते. त्याऐवजी आम्ही गोणी गाडतो. गोणीत 25-30 किलो ओली वाळू भरायची, दोरी तिच्या पोटाला आडवी बांधायची, अडीच फूट खोल पुरायची आणि वर ओली वाळू थरथराने तुडवायची. कमानीच्या प्रत्येक खांबाला अशा दोन गोण्या, एक वाऱ्याच्या बाजूला आणि एक विरुद्ध. छताला सलग कापड लावत नाही, कारण सलग कापडाचं शीड होतं आणि सगळा सांगाडाच ओढला जातो. झावळ्या किंवा सुटे पट्टे लावले की वारा मधून निघून जातो.

खुर्च्यांचे पाय वाळूत एकसारखे रुतत नाहीत, माणूस मागच्या मागे कलंडतो. शंभर खुर्च्यांखाली 18 मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटी प्लायवूडच्या 22 शीट घालतो आणि त्यावर काथ्याच्या चटया. गाड्या थांबतात तिथपासून मंडपापर्यंतची चार फुटी वाटही अशीच बांधून काढतो. लग्नात आजी-आजोबा येणारच, त्यांना पुळणीतून चालवत आणणं आम्हाला पटत नाही.

वधूवरांच्या मागे समुद्र आला की पाहुण्यांचं तोंड पश्चिमेला होतं आणि संपूर्ण विधी ते डोळ्यांवर हात धरून पाहतात. मंडप उत्तर-दक्षिण फिरवला की हा त्रास जातो आणि समुद्र बाजूला दिसतोच. सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमाराला बुडतो, मेमध्ये सातच्या. मुहूर्त काढतानाच हा तासाभराचा फरक धरावा लागतो.

दुपारचा समुद्रावरचा वारा सूर्यास्ताच्या सुमारास पडायला लागतो, पण मे महिन्यात त्यावर विसंबून राहता येत नाही. अंतरपाटाच्या खालच्या दुमडीत आम्ही बांबूची बारीक काठी शिवून घेतो. काठी नसली तर कापड वर उडतं आणि मंगलाष्टकं संपायच्या आतच दोघांना एकमेकांचं तोंड दिसतं. पाहुणे लांबच लांब रांगांऐवजी तीन बाजूंनी जवळ बसवतो, म्हणजे अक्षता वधूवरांपर्यंत पोचतात. माइकला फोमची टोपी हवीच, नाहीतर मंगलाष्टकांपेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. होमकुंडाखाली ओली वाळू, त्यावर विटांचे दोन थर आणि पश्चिमेला दोन फूट उंच पत्र्याचा आडोसा. सुरूच्या बनात मात्र होमही नाही आणि चूलही नाही. सुरूची गळलेली पानं वाळून गादीसारखी पसरतात, त्यांतून आग खालच्या खाली सरकते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात, पिल्लं त्यानंतरही निघत राहतात. पिल्लं उजेडाकडे जातात, त्यामुळे मंडपाचे दिवे त्यांना पाण्याऐवजी जमिनीकडे ओढतात. या चार किनाऱ्यांवर त्या दिवसांत आम्ही रात्रीचं काम घेत नाही. किती पैसे वाढवून दिले तरी नाही.

बागेतलं लग्न सोपं वाटतं, सावली आयती असते म्हणून. पण आधी वर बघायचं. फांदीला किंवा जवळच्या उंच झाडाला आग्यामोहोळ असेल तर ती बाग बाद. होमाचा धूर, फटाके, खाली आलेला ड्रोन, यांतल्या कशानेही माशा उठतात आणि मग दोनशे माणसांना पळायला जागा नसते. झाडावरच्या लाल मुंग्यांची घरटी पाहूनच पंगतीची जागा ठरवतो. एप्रिल-मेमध्ये फळ झाडावर असेल तर बागायतदाराची तोडणी झाल्यावरच तारीख, कारण देठाच्या चिकाने कातडी भाजते आणि रेशमी कपड्यावरचा डाग जात नाही.

कातळावरच्या बागेत खरा घोर विजेचा. वातानुकूलन नसेल तर दोनशे माणसांच्या लग्नाला 40 केव्हीएचा जनरेटर पुरतो, पण जांभ्यात अर्थिंगची सळई जात नाही आणि मेमधल्या कोरड्या मातीतून करंट जमिनीत उतरत नाही. खोल माती बहुधा विहिरीजवळ सापडते. तिथे सळई ठोकून मीठ-कोळसा भरतो, सकाळपासून पाणी ओततो आणि प्रत्येक फाट्यावर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवतो. स्वच्छतागृह 40 माणसांमागे एक, पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे दोनशे जणांना 20 लिटरचे 20 जार. कार्यालयाच्या भाड्यात हे सगळं न दिसता आलेलं असतं. बागेत प्रत्येक वस्तू गाडीत घालून न्यावी लागते, म्हणून बागेतलं लग्न स्वस्त पडतं असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

जेवणात सोलकढी सगळ्यात नाजूक. सकाळी करून ठेवलेली कढी मेच्या उकाड्यात दुपारपर्यंत फाटते आणि वास मारते. नारळाचं दूध काढून बर्फात ठेवायचं, कोकमाचं आगळ वेगळं ठेवायचं, आणि पानं मांडायला घेतली की दोन्ही एकत्र करायचं. एका वेळी एका पंगतीपुरतीच.

वाड्यात होम फक्त चौकात. माडीवर पन्नासहून जास्त माणसं चढू देत नाही आणि नाच तर अजिबात नाही. एका ठेक्यावर पडणाऱ्या पावलांनी जुनी तुळई हादरते. दिंडीतून (मोठ्या दरवाजातल्या लहान दारातून) एका वेळी एकच माणूस बाहेर पडतो, म्हणून मुख्य दरवाजाची दोन्ही दारं दिवसभर उघडी ठेवतो. संरक्षित किल्ल्यांवरची लग्नं आम्ही घेत नाही. तटाच्या दगडात मंडपासाठी भोकं पाडायचं काम आमच्या हातून होणार नाही.

विधी वेगळा हवा असणारेही येतात. सत्यशोधक पद्धतीत भटजीही नसतो आणि होमही नसतो. पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी झाला, तेव्हा ही नवी टूम नाही हे घरातल्या मोठ्यांना आम्ही आवर्जून सांगतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेला असावा लागतो. नोटीस दिल्यावर पुन्हा 30 दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. तीन साक्षीदार लागतात. जादा शुल्क भरून अर्ज केला तर अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर येऊनही लग्न लावू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र नुसती नोंदणी आणि मेजवानी पुरत नाही. विधी व्हावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी महिनाभर आधी हातात घेतो. रात्री दहाला उघड्यावरचा आवाज बंद. मग रात्रीच मंडप उतरवायला घेतो. चुका (बारीक खिळे) आणि मोठे खिळे मोजून नेलेले असतात, मोजूनच परत भरतो. एखादा कमी आला तर दोरीला लोहचुंबक बांधून सकाळी सगळी जमीन ओढून काढतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याच बागेत गुरं चरतात आणि गडी अनवाणी कामाला येतात.