खिरापत ओळखा

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाचा भोंडला दर वर्षी ललिता पंचमीला होतो. मी १९९८ साली लग्न होऊन कोथरूडला आले, तेव्हापासून दोन बाळंतपणांची वर्षे वगळता एकही भोंडला चुकवल्याचे मला आठवत नाही. मंडळाचे इतर कार्यक्रमही होतात. संक्रांतीचे हळदीकुंकू असते, श्रावणात मंगळागौर असते, उन्हाळ्याआधी एखादी सहल निघते. पण त्यांतले काय कोणत्या वर्षी झाले असे कोणी विचारले, तर मला सांगता येणार नाही. भोंडल्याची वर्षे मात्र मला खिरापतींवरून आठवतात. मुलाला कांजिण्या आल्या ते वर्ष ओल्या नारळाच्या करंज्यांचे, सासऱ्यांचे ऑपरेशन झाले ते नुसत्या भडंगाचे, आणि घराचे रंगकाम निघाले होते ते विकतच्या बाकरवडीचे, जिची लाज मला अजूनही वाटते.

माझे माहेर अकोल्याचे. आमच्याकडे भोंडला नव्हता, भुलाबाई होती. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीचे भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, घरोघर मांडले जात आणि तेव्हापासून कोजागरीपर्यंत महिनाभर आम्ही मुली रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन या घरातून त्या घरात गाणी म्हणत हिंडत असू. शेवटच्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांचे मखर करून त्यात भुलाबाईला बसवीत. त्याच कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळण्याची रीत असल्यामुळे, आणि थोरली मी असल्यामुळे, भुलाबाई माझ्या एकटीच्या मालकीची आहे अशी माझ्या धाकट्या भावाची बरीच वर्षे समजूत होती.

पुण्यात आल्यावर कळले की इथे मूर्ती नाही. पाटावर हत्ती काढायचा, त्याला झेंडूची माळ घालायची, पाट मधोमध ठेवायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. सूर्य हस्त नक्षत्रात असतानाचा हा खेळ, म्हणून हत्ती. काही घरांत याला हादगा म्हणतात आणि हस्त लागल्यापासून सोळा दिवस तो चालतो. पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशा चढत्या क्रमाने सोळाव्या दिवशी सोळा. या सगळ्यांची बेरीज मी एकदा पोळ्या लाटता लाटता केली होती. ती १३६ भरते. आमच्या मंडळाने सोळा दिवसांचे एका संध्याकाळीवर आणले, यात मला तरी काही वावगे वाटत नाही. १३६ खिरापती करणाऱ्या घरांत निदान पाच-सहा बायका असतील, आणि त्यांतल्या एकीलाही सकाळी आठची बस गाठायची नसेल.

अकोल्यात आणि पुण्यात एक गोष्ट मात्र अगदी सारखी होती. खाऊ आधी ओळखायचा, मग खायचा.

माझ्या पहिल्याच वर्षी मंडळाची खिरापत आमच्या घरी आली. सासूबाई म्हणाल्या, “तू तुझ्याकडचं काहीतरी कर.” मी पुडाच्या वड्या करायचे ठरवले. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून या वड्यांना सांबारवडीही म्हणतात. बारीक चिरलेल्या कोथिंबिरीत भाजलेले खोबरे, खसखस, तीळ आणि तिखट घालून ते सारण बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळायचे आणि तळायचे. चाळीस बायकांना दोन-दोन म्हणजे ऐंशी वड्या. त्यासाठी दहा जुड्या कोथिंबीर लागली आणि ती सगळी आदल्या रात्री सासूबाईंनी निवडली. सकाळी ती धुऊन जुन्या धोतरावर पसरली, तर दोन खोल्या हिरव्या झाल्या होत्या आणि सासऱ्यांना वर्तमानपत्र घेऊन जिन्यात बसावे लागले. कोथिंबीर पुरती कोरडी झाल्याशिवाय चिरायची नाही, नाहीतर सारणाला पाणी सुटून पुड तेलात फुटतो, हे मला आईने पत्रातून पुन्हा कळवले होते. तरी पहिल्या घाण्यातल्या चार फुटल्याच. दुपारी बाराला मी कढईसमोर उभी राहिले ती साडेचारला बाजूला झाले.

ज्यांनी भोंडला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी खिरापत ओळखण्याची रीत सांगते. गाणी संपली की यजमानीण डबा घेऊन फेराच्या मध्ये येते. डब्याला टॉवेल गुंडाळलेला असतो, कारण वास बाहेर आला की खेळ संपला. मग प्रश्न सुरू होतात. तिखट की गोड? तळलेली की वाफवलेली? वाजते का? या शेवटच्या प्रश्नावर डबा कानाशी धरून हलवून दाखवायचा. वाजली तर चकली, शेव, शंकरपाळे, चिवडा. न वाजली तर वाटली डाळ, शिरा, दडपे पोहे. नवरात्र असल्यामुळे उपवासाच्या बायकांचा डबा वेगळा असतो, पण तो ओळखण्यात राम नाही. त्यात बहुधा साबुदाण्याची खिचडीच असते.

माझी वडी कोणालाच ओळखेना. तेव्हा मी, नवी सून, उत्साहाच्या भरात सांगून बसले, “सांबाराची आहे!” क्षणभर सगळा फेर गप्प झाला. मग एक काकू काळजीच्या सुरात म्हणाल्या, “अगंबाई, मग हलवू नकोस, सांडेल.” पुण्यात सांबार म्हणजे इडलीबरोबरचे, हे मला ठाऊक असायला हवे होते, भाजीवाल्याकडे सांबाराची जुडी मागितल्यावर त्याने मला समोरचे उडप्याचे हॉटेल दाखवल्याला तीनच महिने झाले होते. त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात सर्वांत मोठा आवाज सासूबाईंचा होता. “इडली? मेदूवडा? डोसा मावेल का गं त्या डब्यात?” दहा जुड्या स्वतःच्या हाताने निवडलेल्या बाई या! मला खरोखर वाटले की त्या विसरल्या. शेवटी सगळ्यांनी “हरलो” म्हटले, टॉवेल सुटला, आणि ऐंशी वड्या पाच मिनिटांत संपल्या.

घरी येताना जिन्यात मी त्यांना विचारले, की तुम्हाला माहीत असून तुम्ही असे का केलेत. त्या म्हणाल्या, “दुपारभर उभी होतीस. दोन मिनिटांत ओळखून कसं चालेल?”

हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस स्वयंपाकघरातून जे काही बाहेर येते, त्याबद्दल घरातून एकच प्रश्न येतो, “आज पण हीच भाजी?” त्या एका संध्याकाळी मात्र चाळीस माणसे एका डब्याभोवती उभी राहून त्यात काय असेल याचा खल करतात. तो जितका लांबेल तितका डबा करणारीला हवाच असतो. भोंडल्यातला धार्मिक भाग मला कधीच फारसा जाणवला नाही, आणि गाणी तर निम्मीअधिक सासरच्या उण्यादुण्याची. ज्या गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू तिला कारल्याचा वेल लावण्यापासून एकेक काम सांगत राहते, ते गाणे मी चोवीस वर्षे सासूबाईंचा हात हातात धरून म्हटले. कारल्याला फूल येऊ दे, कारले लागू दे, त्याची भाजी होऊ दे, असे करत ते लांबत जाते आणि त्या दर कडव्याला माझा हात जरा जास्तच दाबत असत.

मुले झाल्यावर खिरापत लपवणे अवघड झाले. मुलगा पाच वर्षांचा असताना फाटकाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येक काकूला सांगत होता, “आईने साटोऱ्या केल्यात, पण ते सांगायचं नाहीये.” म्हणून पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. त्याला शंकरपाळे केल्याचे सांगितले आणि डब्यात खारे दाणे भरले. माझ्या अपेक्षेप्रमाणे त्याने सगळीकडे शंकरपाळे पोचवले, सगळा फेर फसला, खूप हशा झाला. टॉवेल सुटून दाणे दिसले तेव्हा तो हत्तीच्या पाटाशी उभा होता. तो रडला नाही. नुसते माझ्याकडे बघून म्हणाला, “तू मला खोटं सांगितलंस.” बायका हसत होत्या, मीही हसत होते, आणि हसता हसता मला कळले की हे आपण करायला नको होते. मुलांशी खोटे बोलू नये असे रोज बजावणाऱ्या बाईने टाळ्या मिळवण्यासाठी त्याला निरोप्यासारखे वापरले होते. त्या रात्री मी त्याची क्षमा मागितली, आणि पुढच्या वर्षापासून डबा हलवून दाखवण्याचा मान त्याला दिला. ज्याच्या हातात डबा असतो त्याला गुपित सांभाळावेच लागते. सहा वर्षे त्याने तो डबा धरला आणि एकदाही चहाडी केली नाही. उलट, वाजू नये म्हणून डब्यात वर्तमानपत्राचा बोळा घालण्याची युक्ती त्याचीच.

मुलीच्या शाळेतही भोंडला होत असे. मैदानावर एकात एक असे मुलींचे फेर, मध्ये पाटावर चित्रकलेच्या बाईंनी काढलेला देखणा हत्ती, आणि ध्वनिक्षेपकावर गाणी. एका वर्षी मुलींची संख्या वाढली म्हणून असेल, शाळेने खिरापत म्हणून बिस्किटांचे पुडे वाटले. मुलगी घरी आली ती दप्तर आपटतच. “यात ओळखायचं काय? पुड्यावर नाव लिहिलेलं आहे!” तिचा मुद्दा बिनतोड होता. शाळेची अडचणही मला समजत होती, कारण पाचशे पोरींना वाटली डाळ कोण वाटणार? मुलीने मात्र तो पुडा फोडला, बिस्किटे पोह्यांच्या डब्यात भरली, डब्याला रुमाल बांधला आणि आम्हा चौघांना दिवाणखान्यात उभे करून ओळखायला लावले. सासूबाईंनी बाकी कोणी तोंड उघडण्याआधीच अनारसे, चिरोटे आणि कडबोळी सांगून टाकली.

त्या मुलीचा पहिला भोंडला २००१ सालचा; तेव्हा ती वर्षाची होती. त्या वर्षी आश्विन अधिक आला होता. अधिक महिना आधी आणि नवरात्र नंतर, त्यामुळे घटस्थापना १७ ऑक्टोबरला झाली, तोवर सूर्य हस्तातून निघून गेला होता. मंडळात यावर चक्क चर्चा झाली होती, की हस्त संपल्यावर हत्ती काढायचा की नाही. “काढा, तो काय पंचांग बघतो?” असा निकाल सासूबाईंनी दिला आणि हत्ती काढला गेला.

बरोबर १९ वर्षांनी, २०२० साली, पुन्हा अधिक आश्विन आला आणि घटस्थापना पुन्हा १७ ऑक्टोबरलाच होती. त्या वर्षीचा भोंडला करोनामुळे संगणकाच्या पडद्यावर झाला. मुलीने घरातला पाट घेऊन रांगोळीचा हत्ती काढला आणि आजीला पडद्यासमोर खुर्चीवर बसवले. गाणी जमेनात, कारण प्रत्येकीचा आवाज निरनिराळ्या वेळी पोचत होता आणि एकाच ओळीचे पंचवीस तुकडे ऐकू येत होते. शेवटी एकीने म्हणायचे आणि बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून घरात म्हणायचे असे ठरले. पडद्यावर पंचवीस चौकोनांत पंचवीस बायकांचे ओठ हलताना दिसत होते. फेर धरायचा प्रश्नच नव्हता. मी आणि मुलगी हत्तीभोवती दोघीच फिरलो.

खिरापत ज्याची त्याने आपापल्या घरी करायची आणि इतरांनी ओळखायची, असे होते. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी टॉवेल गुंडाळलेला डबा कॅमेऱ्यासमोर हलवला. वाजला नाही. वाटली डाळ? नाही. शिरा? नाही. मोदक, खांडवी, सांजा, उकडीचे सगळे प्रकार झाले. सगळ्या हरल्यावर त्यांनी झाकण काढून डबा पडद्यासमोर आडवा धरला. तो रिकामा होता. “खायला कोण येणार आहे, म्हणून नाही केलं काही,” त्या म्हणाल्या. पंचवीस चौकोनांत बायका हसल्या आणि दोघीतिघींनी कॅमेरे बंद केले.

सासूबाई २०२२ च्या पावसाळ्यात गेल्या. मुलगी आता बंगळुरूला नोकरी करते, मुलगा वसतिगृहात असतो. मागच्या वर्षी मी मंडळाच्या भोंडल्याला एकटीच निघाले होते. फाटकाशी तिसऱ्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा उभा होता. नवे कुटुंब आहे, त्यांची खिरापतीची पहिलीच पाळी. त्याने मला खाली वाकायला लावले आणि कानात सांगितले, “ढोकळा आहे.” मी मान डोलावली. फेर झाला, गाणी झाली, त्याची आई डबा घेऊन मध्ये आली. तिच्या कोपरापाशी बेसनाचा डाग तसाच राहिला होता. बायकांनी तिखट की गोड ते विचारून घेतले. मी सर्वांच्या वर आवाज काढून विचारले, “वाजते का गं?”