कागद, कूलर आणि सणांचं कॅलेंडर

आमचा धंदा कागदाच्या पट्ट्यांचा आणि गाव नागपूर. क्विलिंग, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करणं, हाताला बसायला वेळ लागला नाही. इथल्या हवेशी त्याची सोयरीक जुळवायला मात्र लागला.

सुरुवात मी आणि माझ्या जाऊबाईंनी घरातल्या मागच्या खोलीत केली. बारशाची, वाढदिवसाची कार्डं, ओळखीतल्या ओळखीत. टोकाला चीर असलेल्या टूलमध्ये पट्टीचं टोक अडकवायचं, गुंडाळायचं, सैल सोडायचं. एक बाजू चिमटली की थेंब, दोन्ही चिमटल्या की पान. एवढ्यावर महिरपसुद्धा होते. पट्ट्यांची तयार पाकिटं बाजारात मिळतात, पण मोठं काम घेतलं की एका पाकिटातला लाल दुसऱ्याशी जुळत नाही. शिवाय क्विलिंगमध्ये कागदाची बाजू दिसत नाही, कड दिसते. वरून छापलेला रंग असला की प्रत्येक वेढ्यात पांढरी रेघ उमटते. म्हणून आता आरपार रंगलेला, १२० जीएसएमचा (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा) कागद इतवारी बाजारातून आणतो आणि छापखान्यात कटिंग मशीनवर कापून घेतो. नाजूक कामाला ३ मिलिमीटर, नेहमीच्या कामाला ५, आणि १० ची पट्टी एका कडेने बारीक कातरून गुंडाळली की झेंडू फुलतो. तोरणांत तोच सगळ्यात जास्त खपतो.

आता हवेचं. आपले मोठे सण श्रावण-भाद्रपदात, म्हणजे कागद दमट होऊन लुळा पडतो तेव्हा. गणपतीची मखर आणि महालक्ष्म्यांची आरास ऐन पावसात करायला घेतली की गुंडाळी ढिली पडते, फेव्हिकॉल वाळता वाळत नाही, मागच्या सनबोर्डला, म्हणजे फोमच्या पाटीला, बाक येतो. म्हणजे पावसाळ्यातल्या सणांचं काम उन्हाळ्यात उरकायला हवं. पण नागपूरचा मे महिना! पारा ४५ च्या घरात, आणि खोलीत कूलर लावला की खसच्या गारव्यासोबत पुन्हा तीच ओल. पंखा लावला तर पट्ट्या उडतात. शेवटी कामाची वेळच बदलली. उन्हाळ्यात पहाटे सहाला आमच्याकडे काम करणाऱ्या बायका येतात, दहाला घरी जातात. तयार फुलं झाकणाच्या डब्यांत, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. भाद्रपदात फक्त जुळवणी आणि वरून मॅट लॅकरचा पातळ फवारा. चकचकीत लॅकर आम्ही मारत नाही. कागद प्लास्टिकसारखा दिसायला लागला तर मग कागद घ्यायचा कशाला?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हे आमचं खास नागपुरी गिऱ्हाईक. पोरांच्या लाकडी बैलांना क्विलिंगची झूल, शिंगांना गोंडे, कपाळाला बाशिंग. बक्षीस सजावटीलाही असतं, त्यामुळे पोरांपेक्षा आयांचाच उत्साह जास्त. यात कमाई फारशी नाही, पण हे काम आम्ही सोडणार नाही.

कमाई होते ती नाताळात, आणि ते आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. इथल्या सदर भागातल्या एका ताईंनी दारावर लावायला हिरवं चक्र मागितलं: पानांच्या आकाराच्या हिरव्या गुंडाळ्या, मधेमधे लाल घट्ट गोळे. त्यांच्याकडे पाहून शेजारणींनी मागितलं, मग शाळांनी चांदण्या. डिसेंबरात इथली हवा कोरडी आणि गार असते. कागद ताठ राहतो, गुंडाळी डोळ्यांत भरते, डिंक वेळेवर वाळतो. कागदाला इतका मानवणारा दुसरा सण नाही. तसं पाहिलं तर ही कला युरोपातल्या कॉन्व्हेंटांत वाढली. तिथल्या साध्वी सोनेरी कडांचा कागद गुंडाळून देवादिकांच्या चित्रांना सजवायच्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी हिमकणाला, ज्या गावात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे दिसतो त्या गावात. त्याला सहाच पाकळ्या हव्यात, कारण खरा हिमकण षटकोनी असतो. नव्या मुली आठ करतात, दिसतातही छान, पण आम्ही उकलायला लावतो.

भावाची घासाघीस प्रत्येक सणाला आहेच. ‘कागदाचंच तं आहे ताई, याचे इतके कायचे?’ आम्ही वाद घालत नाही. स्टॉलवर टूल आणि पट्टी हातात देतो, एक थेंब करून पाहा म्हणतो. काही जणी लगेच पैसे काढतात. काही टूलच विकत घेऊन जातात, तेही चालतं. किंमत आम्ही आकारावर ठरवत नाही, गुंडाळ्या मोजून ठरवतो, कारण बायकांना मजुरीही नगावर मिळते. वीतभर हिमकण हातभर तोरणापेक्षा महाग का, याचं उत्तर तिथेच आहे.

नाताळ उरकला की त्याच कोरड्या हवेत संक्रांतीचं वाण. हळदीकुंकवाला लुटायला कुंकवाच्या डब्या, पतंगाचे मॅग्नेट, काळ्या कागदावर पांढऱ्या हलव्याची नक्षी. हे काम शेकड्यात असतं आणि सगळ्यांना ते पौषातच आठवतं. तेव्हा सांगून ठेवते: वाणाची ऑर्डर दिवाळीचा फराळ संपायच्या आत कळवा, रंग दोनच निवडा, आणि डब्या तुमच्या असतील तर प्लास्टिकच्या नको, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या द्या. प्लास्टिकवर फेव्हिकॉल धरत नाही.