उजवं मडगार्ड

ट्रकच्या डाव्या मडगार्डची पुढची दोन्ही भोकं ब्रॅकेटवर बरोबर बसली. मागची तीन मात्र काऊलच्या, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, भोकांपाशी आलीच नाहीत. मडगार्डची कड काऊलवर चढून बसली, चांगली बोटभर. पोरगा म्हणाला, "दादा, भोकं लांबट करून घेऊ." मी त्याच्यावर ओरडलो. भोक एकदोन मिमी चुकलं तर लांबट करतात. इथे पूर्ण 11 मिमीचा फरक होता, आणि त्या मडगार्डमागे आमचे 19 दिवस गेले होते.

रंगपंचमीचा दुसरा दिवस होता. राजवाड्यावरच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, इंदूरमध्ये कारागीर सहसा कामावर येत नाहीत. देवास नाक्यावरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी तिघंच होतो: मी, चाचा आणि आयटीआय करून आलेला पोरगा. पाडव्याला दहा दिवस उरले होते. पाडव्याला ट्रक रामबागेत मालकांच्या घरापुढे पूजेला उभा करीन, असा शब्द मी दिला होता.

ट्रक म्हणजे टाटा-मर्सिडीज, लांब नाकाचा, 1963 ची नोंदणी. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डेमलर-बेंझबरोबर करार करून 1954 पासून जमशेदपूरला हे ट्रक काढायला सुरुवात केली. तो करार 1969 मध्ये संपला, आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला. या ट्रकवर तो तारा आहे. सहा सिलिंडरचं 4.6 लिटरचं डिझेल इंजिन अजून एका झटक्यात सुरू होतं. ते काम दुसऱ्या मिस्त्रीचं, त्यावर मी बोलत नाही.

ट्रक विकत घेणं म्हणजे तेव्हा काय होतं, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. बहुतेक ट्रक पूर्ण येतच नसत. कंपनीकडून चेसिस, इंजिन, बॉनेट, पुढची दोन मडगार्डं आणि काऊल यायचं. काऊलच्या मागे सगळं मोकळं. ड्रायव्हर खोक्यावर बसून गाडी बॉडीवाल्याकडे आणायचा. मग सुतार लाकडाची चौकट उभी करायचा, पत्रेवाला तिच्यावर पत्रा चढवायचा, रंगारी फुलं-मोर काढायचा. म्हणजे केबिन मुळातच हातची. प्रत्येक ट्रकची वेगळी.

म्हणूनच मालकांच्या पुतण्याने "व्हिंटेजमध्ये नोंदवायचा का?" असं विचारलं तेव्हा मला काय उत्तर द्यावं ते कळेना. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. 50 वर्षांहून जुनी, धंद्यात नसलेली, दुचाकी किंवा चारचाकी, आणि मूळ रूपात राखलेली. आपला ट्रक मालवाहू म्हणून नोंदलेला, तेव्हा ती गोष्ट तिथेच संपली. पण ‘मूळ रूप’ या शब्दावर मी अडलो. या ट्रकच्या केबिनचं मूळ रूप कोणतं? 1963 मध्ये कुठल्या तरी सुताराने आपल्या मापाने उभी केलेली चौकट. तिचं लाकूड वाळवीने संपवलेलं. मी आता नवी सागाची चौकट केली, तीही मालकांच्या सांगण्यावरून मागे दीड फूट लांब, घरची माणसं बसतील असं बाकडं धरून. पुढे काचेवर स्टीलचा छज्जा, बाजूला लाकडी पेटी, पायरीला पितळी पट्टी. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात फेरबदलांना लगाम आहे आणि तो असायलाच हवा. रस्त्यावर मी कुठल्या कुठल्या गाड्या पाहतो ते मला माहीत आहे. कागदाचं काम मालकांनी आधी पूर्ण करावं, ही माझी अट होती. ते त्यांनी केलं. सहा महिने गेले त्यात.

तर मडगार्ड. डावं मडगार्ड नव्हतंच. ट्रक पंचवीसेक वर्षं मालकांच्या सांवेरकडच्या शेतावर उभा होता. डावी बाजू पावसाकडे होती, ती गळून गेली. उजवं मात्र शाबूत. मालक म्हणाले, "अहो, याला कुणी हातही लावलेला नाही. जसं कंपनीतून आलं तसंच आहे." मी विश्वास ठेवला. उजव्यावरून फर्मा काढायचा आणि उलटा करून डावं बनवायचं, हे ठरलं.

हे काम मला सगळ्यांत आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उजव्या मडगार्डवर दर 100 मिमीवर खडूने रेघ मारली. चौदा रेघा. प्रत्येक रेघेवर पुठ्ठ्याचा काप धरून, कात्रीने घासत-कापत, फट दिसेनाशी होईपर्यंत जुळवला. मग ते चौदा काप पालथे करून सळ्यांचा सांगाडा बांधला. पत्रा 16 गेजचा, म्हणजे 1.6 मिमी. 18 गेज लवकर वळतो, पण ट्रकच्या मडगार्डवर ड्रायव्हर उभा राहून काच पुसतो, तिथे तो टिकत नाही. चाचांनी बाभळीच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर लाकडी मोगरीने पत्रा ठोकला. आधी मध्यभाग ताणायचा, मग कडेच्या चुण्या आत दाबत आणायच्या, मग वाळूच्या पिशवीवर, मग डॉली (आतून धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीवर. जिथे जास्त ताणला जाईल तिथे गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, ठोकायचा आणि ओल्या फडक्याने थंड करायचा. पत्रा आपोआप आवळतो. तीन तुकडे, जोड गॅस वेल्डिंगचे. हल्ली सगळे सीओटूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या वेल्डिंगने, जोडतात. लवकर होतं, पण तो जोड कडक राहतो, त्यावर हातोडी मारली की तडा जातो, आणि मग वर जाडजूड लांबी (पुट्टी) भरायची. आमच्याकडे लांबी नखाएवढी जाडही चालत नाही. कडेला 6 मिमीची तार भरली. तार भरताना तारेच्या अडीचपट, म्हणजे 15 मिमी पत्रा जास्तीचा सोडावा लागतो. पोरगा पहिल्यांदा दहाच सोडून बसला होता. चाचांनी त्याला काही न बोलता पट्टी हातात दिली. मी तेवढा धीर दाखवत नाही, ही गोष्ट पुढे येतेच.

भोकं जुळली नाहीत तेव्हा मी आधी स्वतःचे काप तपासले. चौदाच्या चौदा बरोबर. मग वाटलं चेसिस वाकडी असेल. चारी स्प्रिंगांच्या पिनांवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा केल्या, दोन्ही कर्ण मोजले. फरक 2 मिमी. साठ वर्षांच्या चेसिसला ते काहीच नाही. मग पुढच्या स्प्रिंगच्या पिनेपासून काऊलच्या पायापर्यंत मोजलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे काऊल 11 मिमी मागे होतं.

चाचा तोवर उजव्या मडगार्डखाली आडवे झाले होते. आतून डांबराचा जाड थर होता. फर्मा काढताना मी तो खरवडला नव्हता, कारण बाहेरून मडगार्ड इतकं निर्दोष होतं की आत पाहायची गरजच वाटली नाही. चाचांनी गॅसने डांबर मऊ करून पटाशीने सोललं आणि मला हाक मारली. "भिया, ये कंपनी का माल नी है."

आत दोन जोड होते. गॅसचे, ठोकून सपाट केलेले, वरून कानशीने घासलेले. बाहेरच्या बाजूला त्यांचा मागमूस नाही. रंगाखाली लांबी नाही. मी त्यावर तीनदा हात फिरवला. हे मडगार्ड कुणीतरी हाताने केलं होतं, आणि काऊल 11 मिमी मागे गेलं आहे हे जाणून केलं होतं. ते 11 मिमी त्याने एका जागी वाढवले नव्हते. तसं केलं असतं तर माथ्यामागे सपाट जागा दिसली असती. त्याने ते चाकाच्या कमानीच्या मागच्या उतारावर सगळीकडे वाटून टाकले होते, प्रत्येक वितीवर दोन-तीन मिमी. दिव्याची वाटी जिथल्या तिथे, बॉनेटची फट सारखी, समोरून पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही. मला कळलं नाही. पोरगा सुरुवातीला म्हणत होता की पुण्याहून मशीन मागवून मडगार्ड स्कॅन करू. स्कॅन केलं असतं तर तीच चूक आम्ही दशांश मिलिमीटरपर्यंत अचूक उतरवली असती.

दुपारी मालकांना फोन केला. ते संध्याकाळी आपल्या काकांना घेऊन आले. काका ऐंशीच्या पुढचे, एके काळी हाच ट्रक चालवलेले. निमाडातला कापूस घेऊन मिलमध्ये यायचे आणि कापडाच्या गाठी घेऊन मुंबईकडे जायचे. त्यांना खुर्ची दिली, मडगार्ड आतून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भेरूघाटात पहिल्या पावसात दगडावर घातली होती मी. उजवी बाजू. बाबांना सांगितलं नाही. महूला एक मिस्त्री होता, त्याने दहा दिवसांत करून दिलं. बाबा मुंबईला होते, ते यायच्या आत." मालक काकांकडे पाहतच राहिले. साठ वर्षांत घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्रीचं नाव काकांना आठवेना. वर्कशॉप कुठे होतं तेही नीट सांगता येईना.

दहा दिवसांत! आम्हाला 19 लागले, तेही फर्मा हातात असताना. त्याच्याकडे फर्मा होता तो डाव्या बाजूचा, आणि काऊल ओढून सरळ करायला वेळ नव्हता, म्हणून त्याने वाकड्यालाच सरळ दिसणारं मडगार्ड दिलं.

मालकांचं म्हणणं पडलं की आता काऊल जॅकने ओढून जागेवर आणावं आणि दोन्ही मडगार्डं नवी करावीत. पाडवा गेला तर जाऊ दे, पुढे अक्षय तृतीया आहेच. बरोबरच होतं त्यांचं. काऊलवर चालण्याची, वळण्याची कुठलीच जबाबदारी नाही, पण वाकडं ते वाकडं. मी नको म्हणालो. काऊल सरळ केलं तर महूच्या मिस्त्रीचं मडगार्ड भंगारात जाईल, आणि ते माझ्या हातून होणार नाही. काऊल तसंच ठेवू, डावं मडगार्ड मागे 11 मिमीने कमी करून पुन्हा करू. चाचा मान हलवत होते, पण कुणाच्या बाजूने ते मला कळलं नाही. शेवटी काका म्हणाले, "राहू दे ते." मग मालकही गप्प झाले.

मी योग्य केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ग्राहकाच्या पैशावर मी एका अनोळखी माणसाचं काम राखलं. दुसऱ्या कुणी माझ्या ट्रकवर असं केलं असतं तर मला चाललं असतं का, कोण जाणे.

पण रात्री झोप लागली नाही ती यामुळे नाही. तीन आठवड्यांपूर्वी सुतारदादांनी नवी चौकट बसवली होती, तेव्हा उजवा दरवाजा लागत नव्हता. सांध्यात अडकत होता, तळाशी साधारण बोटभर. दादा बुऱ्हाणपूरचे, घरात तीन पिढ्यांचं सुतारकाम. ते म्हणाले, "भाऊ, माझी चौकट गुण्यात आहे. लोखंड पाहा." गुण्यात म्हणजे नेमक्या काटकोनात. मी पाहिलं नाही. पोरांसमोर म्हणालो की लोखंड कंपनीचं आहे, ते चुकत नाही, आणि त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले. ते काही न बोलता हत्यारं गोळा करून देवासला दुसऱ्या कामावर गेले. दरवाजाचा खांब मग मीच रंध्याने उतरवून घेतला. म्हणजे गुण्यात असलेली चौकट मी बिघडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला देवासला गेलो. दादा एका शाळेच्या खिडक्या करत होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत येतो." खरंच आले, माझ्याच स्कूटरवर मागे बसून. वर्कशॉपमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा म्हणाले, "पैसे?" मी दोन दिवसांचे पैसे सगळ्यांसमोर दिले. त्यांनी मोजले, खिशात ठेवले, आणि मी उतरवलेला खांब बोटाने तपासला. तो खांब काढून नवा घालावा लागेल म्हणाले. मी हो म्हणालो.

मग त्यांनी आपली लाकडी फूटपट्टी काढली, स्प्रिंगच्या पिनेपासून काऊलच्या पायापर्यंत पट्टीवर पट्टी टाकत दोन्हीकडे मोजलं आणि काऊलवर खडूने माझ्या 11 च्या खाली साडेअकरा लिहिलं. मी माझा टेप पाहिला. टोकाची कडी झिजून ढिली झालेली होती. पोराला नवा टेप आणायला पाठवलं. नव्या टेपनेही साडेअकराच आलं, आणि डाव्या मडगार्डचा पत्रा आम्ही त्या मापाने कापला.