राज्यशास्त्र घेतलं ते एसटीच्या वेळेमुळे

एस.वाय.ला स्पेशल विषय निवडायचा होता. अर्थशास्त्राचे तास दुपारी, राज्यशास्त्राचे सकाळी, आणि आमच्या गावची एसटी साडेबाराची. एवढंच कारण.

गोडी लागली टी.वाय.ला. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती शिकवताना सर म्हणाले, १५ ऑगस्टला आपापल्या गावची ग्रामसभा बघून या. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरली असं मानायला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण लागतात, यांतला जो आकडा कमी असेल तो. मारुतीच्या देवळात मी मोजली ती २३ डोकी, त्यात बाई मी एकटीच. सह्यांचं रजिस्टर मग संध्याकाळी घरोघर फिरलं. आमच्या आजीनेही त्यावर अंगठा दिला. त्या दिवसापासून पुस्तक वेगळंच दिसायला लागलं.

पुढे एम.ए. आणि त्यासोबत, सगळे देतात म्हणून, एमपीएससी. दोन प्रयत्न, दोन्ही पूर्वपरीक्षेतच संपले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मग सेट, कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा. दुसरा पेपर आपल्याच विषयाचा, १०० प्रश्न, तो जमला. रडवलं पहिल्याने. टक्केवारी, संख्यामालिका, आणि माझं गणित दहावीनंतर सुटलेलं! भाचीची आठवीची वही घेऊन बसले. दुसऱ्या खेपेस पास झाले.

सेट झाली म्हणजे नोकरी लागली, असं घरच्यांना वाटलं. मिळाली ती तासिका तत्त्वावरची, म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे, तेही वर्ष सरता सरता. दोन वर्षं काढली. शिकवायला आवडायचं, पण भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

आता एका संस्थेत पंचायत सदस्यांची प्रशिक्षणं घेते. राज्यशास्त्रवाल्यांना असंही काम असतं, हे कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांना, त्यामुळे वर्गात ताई बसतात आणि मागच्या बाकावर त्यांचे 'हे'. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, हे त्यांतल्या बऱ्याच जणींना पहिल्यांदाच कळतं. एकदा मी विचारलं, वित्त आयोगाचा निधी खर्च करायला सरपंचांची डिजिटल सही लागते, ती डीएससी, म्हणजे सहीची ती पेनड्राइव्हसारखी किल्ली, कुणाकडे आहे? पाच जणींनी मागे वळून पाहिलं.

महिन्याभराने त्यातल्या एकीचा फोन आला. "मॅडम, डीएससी माझ्या पर्समध्ये घेतली बरं का. पण पासवर्ड अजून यांनाच माहितीये."